तोटी कोणी नेली?

(८ मार्चनिमित्त बडनेरा येथे झालेल्या महिलांच्या मेळाव्यातील भाषण. बोलीतली वाक्ये तशीच ठेवली आहेत.)



माझ्या आधी ज्या ताई बोलल्या त्यांनी कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा फार चांगला समजावून सांगितला. त्यांच्यानंतर मी काय बोलणार, तर नळाच्या तोटीवर. हसा, हसायला हरकत नाही. आयोजक बाईंनी मला विषय विचारला तेव्हा त्यासुद्धा हसल्या होत्या. म्हणाल्या, "अहो काकू, ८ मार्चला तोटी?" मी म्हटलं, मागची दोन वर्षं माझी या तोटीतच गेली आहेत, तर दुसरं काय बोलू?

तुमच्यापैकी बऱ्याच जणींना बाजाराजवळचं ते स्वच्छतागृह माहीत आहे. कोणाच्या ताब्यात आहे, कोणी बांधलं, हे इथे सांगत नाही. आज भांडायला उभी नाही. ते व्हावं म्हणून आपल्या मंडळाने किती अर्ज दिले, किती खेटे घातले, ते जुन्या जणींना आठवत असेल. शेवटी झालं. पुरुषांच्या बाजूला मुताऱ्या आणि दोन संडास, बायकांच्या बाजूला तीन संडास, एक मोरी, हात धुवायचं बेसिन. आत फरशा, वर टाकी, भिंतीवर चकचकीत नळ. उद्‌घाटनाला नारळ फोडला तेव्हा भाजी विकणारी एक म्हातारी आत जाऊन बाहेर आली आणि म्हणाली, "व माय, आरसा बी हाय!"

एकविसाव्या दिवशी पहिल्या दोन तोट्या गेल्या.

मग हळूहळू सगळंच. बेसिनखालचा अँगल कॉक, बेसिनच्या भोकातली पितळी जाळी, फ्लशच्या टाकीला पाणी नेणारी नळी, दाराच्या कड्या. एका रात्री तोटी काढली आणि पाईप तसाच उघडा सोडला. रात्रभर टाकीतलं पाणी वाहून गेलं, सकाळी सहाला मी पोचले तर पायऱ्यांवरून ओघळ आणि आत थेंब नाही. दोन दिवसांनी बायकांच्या बाजूला कुलूप. पुरुषांची बाजू चालू.

आता इथे थोडं थांबते, कारण ही गोष्ट मला स्वतःलाही उशिरा कळली. मी तावातावाने विचारलं, "बायकांचंच का बंद? चोर काय फक्त बायकांच्याच बाजूला येतात?" तेव्हा तिथे दुरुस्तीला आलेला प्लंबर म्हणाला, "नाही मॅडम, माणसांच्या इकडच्याही तोट्या गेल्या. पण त्यांचं अडत नाही." खरंच होतं. मुतारीला पाणी नसलं तर वास येतो, पण पुरुष येतो आणि जातो. तेही नसलं तर भिंत आहे, झाड आहे, गाडीचं चाक आहे. आपलं तसं नाही. बाईला बसावं लागतं, धुवावं लागतं, पाळी असेल तर हात-पाय-कपडे सगळ्याला पाणी लागतं. म्हणजे चोरी दोन्हीकडे सारखी झाली आणि कुलूप एकाच बाजूला लागलं. कोणी मुद्दाम आपल्याविरुद्ध निर्णय घेतला असंही नाही. फक्त आपलं काय अडतं ते कोणाच्या लक्षात आलं नाही, एवढंच.

आपल्या वऱ्हाडातला एप्रिल-मेचा उन्हाळा तुम्हाला मी सांगायला नको. पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि बाजारात बसलेल्या बाया सकाळी सातपासून पाणी टाळतात. मी एकीला पाण्याची बाटली पुढे केली तर ती म्हणाली, "नको बाई, पेलं का मंग जाव लागते." लघवीची जळजळ, ताप, पोटात दुखणं यासाठी दवाखान्यात जाणाऱ्या बायका तुमच्या-माझ्या घरात आहेत. ती तोटी भंगारात शे-पाऊणशेला गेली असेल. तिचा दवाखान्याचा खर्च कोणी मोजला नाही.

शे-पाऊणशे हा आकडा कुठून आणला ते सांगते. मी आणि आपल्या मंडळातल्या दोघी एका कबाड्याच्या दुकानात गेलो. घरची जुनी पितळेची तोटी पिशवीत घेऊन गेलो होतो. त्याने ती हातात घेतली, दगडावर घासली, काट्यावर टाकली. पाव किलोच्या आसपास भरली. भाव त्याने त्या दिवशी किलोला साडेतीनशे सांगितला. हिशोब करा, ऐंशी-नव्वद रुपये. तीच नवी घ्यायला सहाशे-सातशे लागतात, बसवणाऱ्याची मजुरी वेगळी. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. वरचा चकचकीत मुलामा नुसता दिसण्यापुरता, किंमत आतल्या तांब्याची. वितळलं की कोणाची तोटी होती ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. गुजरातेत जामनगरला पितळेच्या वस्तू करण्याचे मोठे कारखाने आहेत. कोण जाणे, आपल्याच संडासातली तोटी तिथून नवी होऊन पुन्हा आपल्याच दुकानात येत असेल आणि आपणच ती सातशेला घेत असू.

त्या कबाड्याने एक गोष्ट बोलता बोलता सांगितली. म्हणाला, "काकू, रेल्वेचं सामान आपण हातात धरत नाही. हे तोट्या-बिट्याचं कोणी विचारत नाही." बडनेऱ्याच्या माणसाला हे लगेच कळावं. आपलं गाव रेल्वेच्या रुळांनी जुन्या वस्तीत आणि नव्या वस्तीत कापलेलं. १९६६ चा रेल्वे मालमत्तेचा कायदा असा आहे की, चोरीचा संशय घ्यावा असं रेल्वेचं सामान एखाद्याजवळ सापडलं, तर ते आपल्याकडे रीतसर आलं हे त्यालाच दाखवावं लागतं, नाहीतर तुरुंग. म्हणून कबाडी त्याला भितो. तरी रेल्वे सुटली का? २०१८ साली मध्य रेल्वेच्या अधिकाऱ्यांनी जे आकडे सांगितले होते, त्यात वर्षाला हजारभर नळ, तीनशेच्या वर फ्लशच्या नळ्या आणि दोनशे मग गाड्यांच्या संडासांतून जातात असं होतं. मगाला साखळी का असते ते त्यावरून समजावं. लहानपणी पाणपोईवरचा पेला साखळीने बांधलेला पाहून मला वाटायचं, पेला पळून जाईल म्हणून बांधला आहे.

आता जे सांगणार आहे ते सांगायला मला जड जातं. पण ते गाळून बाकीचं सांगितलं तर खोटेपणा होईल.

तिसऱ्यांदा तोट्या गेल्या तेव्हा आम्ही सगळ्या चिडलो होतो. त्या भागात पहाटे पाचला कचरा वेचायला येणारी एक मावशी आहे. पाठीवर पोतं, हातात आकडा. कोणीतरी म्हणालं, "हीच असणार. भंगारच तर विकते." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पाच-सहा जणींनी तिला अडवलं आणि पोतं खाली ओतायला लावलं. मी तिथे होते. मी ओतलं नाही, पण मी थांबवलंही नाही, उलट वाकून पाहिलं. पोत्यातून काय निघालं? पुठ्ठे, बाटल्या, दुधाच्या पिशव्या, ॲल्युमिनियमचं एक वाकडं झाकण. ती एवढंच म्हणाली, "पाह्यलं ना बाई? भरून द्या आता." आमच्यातल्या कोणीही भरून दिलं नाही. तिने एकटीने भरलं.

महिनाभराने ती अकोटला लेकीच्या बाळंतपणाला गेली होती, आणि तेव्हा पुन्हा तोट्या गेल्या.

स्त्रियांच्या संघटनेत मी पंचवीस वर्षं आहे. पुण्यात १९९३ साली कागद-काच-पत्रा वेचणाऱ्यांची संघटना उभी राहिली, तिने आपल्या बायांना ओळखपत्रं मिळवून दिली, याबद्दल मी अभ्यासवर्गात बोललेली आहे. काही हरवलं की आधी कचरा वेचणारीला धरायचं, ही त्या बायांची जुनी तक्रार, हेही मी फळ्यावर लिहून दाखवलं आहे. इंग्रजांनी १८७१ साली काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा कायदा केला, तो १९५२ साली रद्द झाला, तरी आपल्या जिल्ह्यातल्या पारध्यांच्या बेड्यावर आधी संशय जातो, हे आपण ठरावात लिहितो. आणि स्वतःची तोटी गेली तेव्हा मी वाकून पोतं पाहिलं.

ती परत आल्यावर मी तिच्या घरी गेले. माफी मागितली. तिने पाटावर बसवलं, चहा केला, आणि म्हणाली, "तुमी पाह्यलं, तं पाह्यलं. पण मी आता त्या बाजूनं येत नाही." म्हणजे काय झालं बघा. पहाटे पाचपासून रस्त्यावर असणारी, जिला त्या स्वच्छतागृहाची आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त गरज, तीच तिथे पाय ठेवत नाही.

मी उठताना तिने विचारलं, "आता कशाच्या तोट्या बसवता?" मी म्हटलं, तशाच, पण जाड, मजबूत. ती म्हणाली, "पितळेची लावान तं जाईनच व बाई. ज्याले भाव हाय ते राहत नाही. ज्याले भाव नाही ते मी बी उचलत नाही." आमच्या चार बैठकांत जे निघालं नव्हतं ते तिने चुलीपुढे बसून सांगितलं. रोज भाव पाहून वस्तू उचलणारी बाई ती. कशाला किती किंमत आहे हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

मग आम्ही प्लंबरला घेऊन बसलो. बाजारात एक कडक प्लास्टिकच्या तोट्या मिळतात, पीटीएमटी म्हणतात त्यांना. घरातल्या बादलीच्या प्लास्टिकसारख्या नाहीत, चांगल्या मजबूत असतात, गंजत नाहीत, आणि कबाडी त्याला विचारत नाही. तोटा एवढाच की कोणी रागाने लाथ मारली तर मोडतात. मोडल्याही दोन. मोडलेली तोटी तिथेच पडलेली होती, नेली कोणी नाही. उन्हात प्लास्टिक कडक होऊन तडकतं, म्हणून बाहेरच्या बाजूला ती लावायची नाही. पाईप सगळे भिंतीत घेतले, लोखंडाऐवजी प्लास्टिकचे. बेसिनखालचा अँगल कॉक काढूनच टाकला. त्याच्याऐवजी पाणी बंद करायचा एकच कॉक वर टाकीजवळ, जाळीच्या आत, कुलपात. त्यामुळे तोटी मोडली तरी वरून पाणी तोडता येतं, टाकी रिकामी होत नाही आणि दार बंद करायचं कारण उरत नाही. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. चोरी शंभर टक्के थांबणार नाही, पण एका तोटीमागे आख्खं स्वच्छतागृह बंद पडू नये, एवढी सोय तर करता येते. फ्लशच्या टाक्या काढल्या. बादली, मग आणि कोपऱ्यात पाण्याचा निळा ड्रम. कोणी म्हणालं, हे मागासलेपण झालं. असेल. पण ड्रमात पाणी असतं.

आरसा मात्र परत बसवला. प्लास्टिकच्या चौकटीचा.

कबाड्यांच्या दुकानांतही आम्ही गेलो, सात जणी, एकाच दुपारी सगळीकडे. भांडायला नाही. म्हटलं, दादा, कोणी पोट्टं तोटी, अँगल कॉक, बेसिनची जाळी असं सुटं सुटं घेऊन आलं तर घेऊ नका, आणि घेतलं तर नाव लिहून ठेवा. एक म्हणाला, "मी नाही घेतली तं अमरावतीत इकल." त्याचंही खरं. दुसऱ्याने वही दाखवली, आधीपासून लिहीत होता. विलायतेत २०१३ साली भंगाराचा नवा कायदा झाला, त्यात भंगारवाल्याने रोख पैसे द्यायचे नाहीत, विकणाऱ्याची ओळख तपासून नोंदवून ठेवायची असं आहे. म्हणजे त्यांनी चोराच्या मागे धावण्यापेक्षा घेणाऱ्याचं दार धरलं. आपल्याकडे तसंच करा असं मी म्हणत नाही. कारण ओळख आणि बँकेचं खातं मागितलं की आधी आमच्या मावशीचा धंदा बसेल, आणि ज्याला चोरीचा माल खपवायचा तो मागच्या दाराने खपवेल. पण घेणारा नसेल तर नेणारा कशाला नेईल, हा विचार मला पटतो.

कायदा काय म्हणतो ते थोडक्यात सांगते. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्या ३०५ कलमात सरकारची किंवा स्थानिक संस्थेची मालमत्ता चोरली तर सात वर्षांपर्यंत शिक्षा सांगितली आहे. ३१७ कलमात चोरीचा माल आहे हे माहीत असून घेणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत. ही कलमं पाठ असू द्या, कारण ठाण्यात "एवढ्याशा तोटीची काय फिर्याद" असं ऐकावं लागतं. फिर्याद ज्याच्या ताब्यात मालमत्ता आहे त्या कार्यालयाने द्यायला हवी, म्हणून आम्ही आधी त्यांच्याकडे लेखी अर्ज देतो, तारीख घालून, काय काय गेलं त्याची यादी करून, आणि पोच घेतो. पण मनातलं सांगू? एका रात्री दोघा पोरांना लोकांनी पकडलं. पंधरा-सोळा वर्षांची. एकाच्या तोंडाला पंक्चरच्या सोल्यूशनचा वास. त्यांच्याकडे पाहून मला सात वर्षं आठवली नाहीत. त्याच्या आईचा पत्ता काढला. ती माऊली आपल्याच वस्तीत धुणीभांडी करते, आणि तिच्या घरी संडास नाही.

आता दोन गोष्टींवर आमचं अजून एकमत नाही, ते तुमच्यापुढे ठेवते.

एक, कॅमेरा. अनेकांनी सुचवलं, कॅमेरा लावा, प्रश्न मिटला. बायकांच्या स्वच्छतागृहावर कॅमेरा! त्याची चित्रं कोण पाहणार, कुठे साठवणार, याचं उत्तर कोणाकडे नव्हतं. आम्ही आत आणि दाराच्या समोर नाही म्हणून सांगितलं. रस्त्याच्या टोकाला, दाराकडे पाठ करून लावायचा असेल तर लावा. आमच्यातल्या तरुण मुलींना तेही नको आहे. मला त्यांचं बरंचसं पटतं.

दुसरी गोष्ट रात्रीची. आता तिथे राखणीला आणि सफाईला बचत गटातल्या दोघी आहेत, सकाळी सहा ते रात्री नऊ, पाळीपाळीने. खरं सांगायचं तर चोऱ्या थांबल्या त्या प्लास्टिकपेक्षा या दोघींमुळे. पण त्यांना महिन्याला जे मिळतं ते सांगायची लाज वाटते. ते वाढवायचं तर पैसे कुठून? बायकांकडून घ्यावेत असं सुचलं. तेव्हा मी मुंबईच्या मैत्रिणींची आठवण दिली. २०११ साली तिथे 'राइट टू पी' ही मोहीम सुरू झाली ती याच मुद्द्यावरून, की पुरुषांना लघवीला पैसे नाहीत आणि बायकांना मोजावे लागतात. २०१५ च्या डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने पुण्याच्या 'मिळून साऱ्याजणी'च्या याचिकेवर महानगरपालिकांना बायकांसाठी स्वच्छ, सुरक्षित स्वच्छतागृहं करायला आणि ती नीट राखायला सांगितलं. राखणं त्यात आहे, आणि राखणाऱ्या बाईचा पगार हा त्या राखण्याचाच भाग आहे, असं आम्ही लिहून दिलं आहे. उत्तर आलेलं नाही. लघवीला पैसे आम्ही घेत नाही.

आणि रात्री नऊला कुलूप. चोरीच्या दृष्टीने अगदी योग्य. पण आपलं हे जंक्शन. रात्री-बेरात्री बाया उतरतात, पहाटेच्या गाडीला येतात. लेकरू कडेवर, हातात पिशव्या, आणि समोर कुलूप. रात्री राखणीला बाई ठेवावी तर तिच्या सुरक्षिततेचं काय? पुरुष ठेवावा तर बायका आत जाणार नाहीत. मला उत्तर सुचलेलं नाही. तुमच्यापैकी कोणाच्या गावात यावर काही केलं असेल तर चहाच्या वेळी मला नक्की गाठा.

गाडगेबाबा आपल्याच जिल्ह्यातले, शेंडगावचे. २० डिसेंबरला आपण सगळे खराटा घेऊन फोटो काढतो. मी पण काढते. पण बाबा दिवसभर आधी गाव झाडायचे आणि मग रात्री कीर्तन करायचे. आपण आधी कीर्तन करतो.

वेळ संपली अशी खूण होते आहे, तर शेवटचं सांगते. मागच्या पंधरवड्यात मी सकाळी स्वच्छतागृहाकडे गेले होते. राखणीच्या बाई म्हणाल्या, "काकू, ती कचरावाली मावशी काल आली होती." मला फार बरं वाटलं. विचारलं, आत गेली का? तर म्हणाल्या, "नाही. दारातून पाह्यलं, प्लास्टिकची तोटी पाहून हसली अन् गेली." मी त्यांना सांगून ठेवलं आहे, पुन्हा आली तर तिचं पोतं आत घ्या, कोपऱ्यात ठेवून घ्या, आणि त्याला हात लावू नका.